वन्संच्या मशीनची दोरी

आमच्या वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. नवरा गेला तेव्हा पोरगा शाळेत होता. वन्संनी गवत कापायचं एक जुनं मशीन घेतलं आणि शाळेचं मैदान, दवाखान्याची हिरवळ, लोकांच्या बागा कापत त्याला मोठं केलं. लोक त्यांना 'घरघरबाई' म्हणतात. त्या म्हणतात, "म्हणेनात का! लांबून ऐकून रस्ता तरी सोडतात."

यंदा जिन्यावरून पडल्या आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. मशीनला बटण-बिटण काही नाही, दोरीला जोराचा हिसका दिला तरच चालू होणार. डाव्या हाताने ओढून पाहिलं, तर ते नुसतं खोकायचं आणि गप्प. पोराने परस्पर मशीनला गिऱ्हाईक ठरवून टाकलं. रविवारी घेऊन जाणार म्हणे. वर पुन्हा गोड बोलणं, "आई, आता आराम कर." आराम! ह्या बाईला आराम म्हणजे शिक्षाच की.

वन्सं मशीन ढकलत आमच्या दारात आल्या. "बोलाव तुझ्या नवऱ्याला. हे मला माझ्या मी चालू करता आलं पाहिजे. नाहीतर खिडकीत बसून मरेन मी." एरवी ही बाई कधी कुणाकडे काही मागत नाही. मला भरूनच आलं.

आमचे हे लहान इंजिनं दुरुस्त करतात, पाण्याचे पंप, जनरेटर वगैरे. हात चांगला आहे, पण चूक कबूल करायची म्हटलं की जिवावर येतं. "हात्तिच्या, एवढंच ना?" म्हणत त्यांनी मशीनचा दोरीवाला स्टार्टर माझ्या जेवणाच्या टेबलावरच उघडला. मी खाली पेपर घाला म्हणेपर्यंत आतली गुंडाळलेली स्प्रिंग सटकन सुटली ती पडद्यात घुसली. पडदा टर्रकन फाटला. "काही झालं नाही," हे म्हणाले. पडदा मी शिवलेला, ह्यांना काय होणार होतं?

मग ह्यांनी स्टार्टरचं झाकण फिरवून दोरी डाव्या अंगाला काढली, जाड मूठ बसवली आणि अंगणात जाऊन ओढली. एका हिसक्यात चालू. "बघ आक्का, लोण्यासारखं!" वन्संनी ओढली. मशीन खोकलं.

"नीट ओढ की."

"ओढतेय ना रे मेल्या!"

ह्यांनी पुन्हा झाकण उघडलं, तेल दिलं, पुन्हा स्वतःच ओढून पाहिलं. चालू. वन्संनी ओढली. बंद. असं तीनदा झाल्यावर माझं डोकं फिरलं. प्रत्येक वेळी हा माणूस आपल्याच धडधाकट उजव्या हाताने ओढून बघतोय! मी आतून चादर आणली आणि ह्यांचा उजवा हात अंगाशी आवळून बांधला. "हं, आता ओढा."

ओढली. खोकलं. पाय रोवून ओढली, चेहरा लालबुंद झाला, मशीन गप्प. वन्सं इतक्या हसल्या की खांदा धरून खाली बसल्या. हे आत जाऊन पाणी प्यायले. आमच्या घरात ह्यालाच माफी मागणं म्हणतात.

बाहेर आले ते वन्संच्या शेजारी जमिनीवर टेकले. "आक्का, तुझं काय धड चालतंय?"

"पाय. एवढी वर्षं ह्याच्या मागे चालूनच काढलीत की."

तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. ह्यांनी मशीनच्या दांड्यावर कप्पी बसवली. दोरी तिच्यावरून घेऊन खाली सोडली आणि टोकाला पाय घालायची लोखंडी कडी लावली. पण पाय खाली दाबून दोरी येणार ती गुडघाभर, तेवढ्यात इंजिन पुरेसं फिरेना. मग दोरी गुंडाळायची आतली चकतीच लहान केली. मला समजावून सांगितलं, "आता थोड्या दोरीत तेवढेच फेरे होतात. ओढायला जड जातं, पण ओढायचंय कुणाला? अख्खं अंग टाकायचं." कडीच्या मापासाठी वन्संचा बूट दोन दिवस आमच्याकडे होता.

रविवारी पोरगा गिऱ्हाइकाला घेऊन आला. गिऱ्हाईक वाकलं, हाताने चाचपत राहिलं. मूठ नव्हतीच! ह्यांनी कधी कापून टाकली, मलाही पत्ता नाही. मग त्याने कडीत पाय घालून पाहिला. भलामोठा बूट अर्ध्यातच अडकला.

"अहो मामा, हे आता विकायचं कसं?" पोरगा वैतागला.

हे रुमालाने हात पुसत राहिले. वन्संनी कडीत पाय घातला, दांडा धरला आणि अंगाचा भार टाकला. घर्रर्र! धुराचा लोट उठला. मी खुशाल टाळ्या वाजवल्या, लाज कसली त्यात!

गिऱ्हाईक हसत निघून गेलं. पोरगा मात्र आईच्या आडवा उभा राहिला, डोळ्यांत पाणी. "पुन्हा पडलीस म्हणजे, आई?"

"पडले तर उठेन. तुला मी बसलेली बरी वाटते रे, पण मला नाही वाटत. सरक."

तो सरकला.