अर्धा तास उघडी काठी

बंदरावरच्या कचेरीत एका माणसाचा जन्म एका लाल कापडापायी गेला. वादळाची खबर आली की धोक्याचा बावटा काठीवर चढवायचा, वादळ सरलं की उतरवायचा. काठी उघडी दिसली की होड्या बिनधास्त समुद्रात. काम पोरखेळाचं, पण गडी असा टापटिपीचा की बावट्याला सुरकुती पडली तरी याचा जीव वरखाली. गाव त्याला बावटेमामा म्हणायचं.

ह्या टापटिपीनेच घात केला. बावीस वर्षांपूर्वी, वादळाच्या आदल्या दुपारी बावट्याची शिवण उसवली. नवा चढवल्याशिवाय जुना उतरवायचा नाही, हा नियम त्याला तोंडपाठ होता. पण नवा कपाटात, किल्ली साहेबांच्या खिशात आणि साहेब जेवायला गेलेले. फाटका बावटा बघवेना, म्हणून त्याने तो उतरवला आणि टाके घालत बसला. जेमतेम अर्धा तास. तेवढ्यात एक होडी बाहेर पडली. तिच्यात त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. होडी परत आली नाही.

चौकशीत साहेब शपथेवर म्हणाले, बावटा दिवसभर वर होता. त्यांना बिचाऱ्यांना तेच ठाऊक होतं. मामा मूग गिळून बसला. मेलेल्यांनी बावटा बघूनही आगाऊपणा केला, असं ठरलं.

तेव्हापासून मामा बहिणीकडेच जेवायचा. तिचं घर त्याने सांभाळलं, भाच्यांना शिकवलं. बदलीची संधी दोनदा आली, दोन्ही वेळा नाकारली. गाव म्हणे, भाऊ असावा तर असा. ते ऐकलं की तो घाईने विषय बदलायचा.

आज पुन्हा वादळ होतं. बहीण डबा घेऊन आली आणि रस्त्यावर पाणी चढल्याने कचेरीतच अडकली. भर दुपारी दिवा लावावा लागला होता. खिडकीतून तिने वर पाहिलं.

"दादा, बावटा उसवलाय. खाली घे, दोन टाके घालते."

"नको."

"अरे, सगळ्या होड्या किनाऱ्याला आहेत. पाच मिनिटांत काय होतंय?"

दहा बाय दहाच्या त्या खोलीत मामाला तोंड लपवायला जागा नव्हती. त्याने खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. आता ती रडेल, शिव्या घालेल, कायमची तोडून टाकेल, असं त्याने धरूनच ठेवलं होतं.

तिने डब्याचं झाकण परत घट्ट लावलं.

"हे त्या दिवशी जायला तयार नव्हते," ती म्हणाली. "मीच खिडकीतून काठी बघितली. म्हटलं, बावटा नाहीये, जा की. मग चौकशीत सगळे म्हणाले, बावटा होता. मला वाटलं, मीच नीट बघितलं नाही. मीच ह्यांना मारलं."

"मला काय माहीत, तू..."

"पोरांनाही कधी सांगितलं नाही मी. आणि तू रोज माझ्यासमोर जेवत होतास."

ती उठली, दाराची कडी काढली आणि खांदा लावून ढकलू लागली. वाऱ्याने दार तसूभरही हललं नाही. मग ती तशीच दाराला तोंड करून उभी राहिली. वादळ ओसरायला अजून पाच तास होते आणि तिला बस म्हणायचं धाडस मामाला होईना.