बाजाराच्या दिवशी एक गोळी

सांधेदुखीची डॉक्टर म्हटलं, की लोकांना वाटतं मी दिवसभर गुडघ्यांना शेक द्यायला सांगत असेन. देवपूरच्या आमच्या गल्लीतल्या बायका तर अजूनही मला वाटेत अडवून विचारतात, कोणतं तेल चांगलं? मी चिडते आणि मग कुठलं तरी तेल सांगून टाकते.

खरं काम वेगळं आहे. आमवाताची आमची मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एकदाच. रोज घेतली तर तीच गोळी शरीरात नवं रक्त तयार होणं थांबवते, तोंड आतून सोलून निघतं आणि माणूस साध्या तापाने जातो. साप चावलेला रोगी आला की इतर डॉक्टरांची धावपळ होते. मला भीती वाटते ती या छोट्या पिवळ्या गोळीची, आणि ती मी स्वतःच दिवसभर लिहून देत असते.

सुरुवातीची काही वर्षं मी "दर सोमवारी एक" असं सांगायचे. रावेरकडून, चोपड्याकडून बायका यायच्या. कोणी केळीच्या फण्या पाण्याच्या टाकीत धुणाऱ्या, कोणी कापूस वेचणाऱ्या. बोटं सुजून मुठी वळत नसत. सोमवार म्हटलं की माना डोलवायच्या आणि पुढच्या खेपेला येऊन गोंधळ सांगायच्या. एकदा मी वैतागून एकीला विचारलं, "अहो, आज वार कोणता ते तरी सांगा." ती शांतपणे म्हणाली, "वार काय करवाना, माय? केळीनी गाडी उनी का आम्ही कामले जातस." तिचं बरोबर होतं. ट्रक आला की कटाई. त्याला ना सोमवार ना रविवार.

पण आठवडी बाजाराचा दिवस कोणी विसरत नाही. त्या दिवशी शेतावर मजूर मिळत नाही, पोरं सकाळपासून जिलेबीसाठी मागे लागतात, बायका डोक्यावरून न्हातात. म्हणून मी विचारायला लागले, "तुमच्या गावचा बाजार कधी?" तो वार डबीवर लिहायचा आणि सांगायचं, "बाजार करून आलात, जेवलात, की गोळी." चुका कमी झाल्या. गोळीमुळे होणारे घोळ आमच्या ओपीडीत दिसेनासे झाले. मग मी वैद्यकीय मासिकासाठी पेपर लिहायला बसले.

पेपर मी ऐसपैस लिहिला होता. रोग्याला आधी गाव विचारा, काम विचारा, बाजार कोणत्या वारी ते विचारा, तो वार डबीवर लिहा, मग गोळी द्या. संपादकांनी कळवलं, मजकूर फार लांबला आहे, कमी करा. मी एका दुपारी चहा पिता पिता कात्री चालवली. गाव गेलं, काम गेलं, वारही गेला. उरलं एवढंच, की आठवड्याची गोळी बाजाराच्या दिवशी घ्यायला सांगावी. वाक्य सुटसुटीत झालं म्हणून मी स्वतःवरच खूश झाले होते.

पेपर छापून आला आणि चालला. चालला म्हणजे इतरांनी आपापल्या लेखांत त्याचा आधार घेतला. आमच्या भाषेत सायटेशन. कोणी आपला पेपर असा उल्लेखला, की मोबाइलवर निरोप येतो. दर निरोपाला माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. डोंगराळ भागातल्या कोणी आपल्या हाटाला, म्हणजे तिथल्या आठवडी बाजाराला, तोच नियम लावला, कोणी पत्रकं छापली, कोणी डबीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या केल्या. परिषदांमध्ये अनोळखी लोक येऊन म्हणायचे, "बाजाराची गोळी म्हणजे तुम्हीच ना?" घरी नवरा चिडवायचा, "आज बाजारवाल्या डॉक्टरीणबाईंनी भाजी आणली का?" मी शेफारले होते हे आज कबूल करते.

मग एका सकाळी चोपड्याकडच्या एका तरुण डॉक्टरांचा फोन आला. कधी भेटलेले नव्हते. म्हणाले, "मॅडम, एक आमवाताची बाई आहे. तुमच्या पेपरप्रमाणेच गोळी सुरू केली होती. आता ताप आहे, तोंड पूर्ण आलंय, पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. तुमच्याकडे पाठवू का?" मी "पाठवा" म्हटलं.

दुपारी गाडी आली. बाई पन्नाशीची असेल. ओठांवर कातडं राहिलं नव्हतं, दंडांवर हिरवे-निळे डाग होते. तिला बोलता येईना म्हणून मी सुनेला विचारलं, "गोळी कशी घेत होत्या?"

सुनेने पिशवीतून पाकिटं काढली. सगळी रिकामी. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट अभिमानच होता. "डॉक्टरनी सांगेल व्हतं, बाजारना दिन लेवानी. एक बी चुकनी नई."

"कोणत्या वारी?"

"बठ्ठाच वारले. आमना मिरचीना धंदा शे ना. आज या गावना बाजार, सकाय त्या गावना. सासूबाई रोजच बाजारले जातीस."

गोळ्या संपल्या की रिकामं पाकीट दाखवून औषधाच्या दुकानातून नवं आणायचं, असं चाललं होतं. तोंड यायला लागलं तेव्हाही कोणाला शंका आली नाही. "मिरचीना धंदा शे, तोंड येसच," असं तीच सुनेला म्हणाली होती. आणि रोज रात्री जेवण झालं की नेमाने आणखी एक गोळी.

मी त्या डॉक्टरांना फोन केला. आवाज चढला होता माझा. "त्या काय काम करतात हे तुम्ही विचारलं नाही?"

ते म्हणाले, "पेपरात विचारा असं कुठे लिहिलं होतं, मॅडम?" त्यात टोमणा नव्हता. माणूस खरंच विचारत होता.

उतारा म्हणून एक इंजेक्शन असतं. ते सुरू केलं. अँटिबायोटिक्स दिली, तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. त्यापुढे वाट पाहण्याशिवाय हातात काही नसतं. मी रोज सकाळी लॅबच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. रिपोर्ट वॉर्डात येईपर्यंत धीर धरवत नसे. तंत्रज्ञाने मान हलवली की तशीच वॉर्डात परत यायचे. दुसऱ्या दिवशी पेशी आणखी उतरल्या. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सून दारातच बसलेली असायची. मला पाहिलं की उठून विचारायची, "वाची जाई ना, माय?" मी "हो" म्हणायचे आणि तिच्याकडे न बघता आत शिरायचे.

खोटं कशाला बोलू? ती मरेल ही भीती होतीच. पण तिच्या शेजारी दुसरीही भीती होती, आपल्या नावाची. ही बाई गेली तर लोक काय म्हणतील, पेपराचं काय होईल. असले विचार मनात येतात हे कळल्यावर स्वतःची किळस आली, तरी ते यायचे थांबले नाहीत. नवऱ्याने चिडवणं सोडून दिलं होतं.

आठवड्याने पेशी वर सरकल्या. त्यानंतर रोज थोड्या थोड्या वाढत गेल्या. ताप उतरला. एका सकाळी ती उठून बसली आणि पातळ खिचडी गिळताना तोंड वाकडं करून म्हणाली, "मीठ नई का तुमना आठे?" सून हसली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

घरी जाण्याच्या दिवशी मी तिच्यापाशी बसले. म्हटलं, "अक्का, चूक आमची होती. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते." तिने माझा हात धरला. बोटं तशीच वाकलेली होती. म्हणाली, "तुम्हीन कसाले घाबरतस? डॉक्टरनी जसं सांगं, तसंच करं मी." तिला मला धीर द्यायचा होता. मला मात्र ते वाक्य ऐकवेना.

त्याच आठवड्यात मी संपादकांना पत्र लिहिलं. वाक्य अपुरं आहे, त्याने एक बाई मरता मरता वाचली, आधी काम विचारा, वार डबीवर लिहा. त्यांनी ते छापलं, शेवटच्या पानांत, छोट्या अक्षरांत. मला वाटलं, निस्तरलं.

मोबाइलवर निरोप येतच राहिले. आता निरोप आला की हातातलं काम टाकते. उघडून बघते. जुनाच पेपर, तेच सुटसुटीत वाक्य. दुरुस्तीच्या पत्राचा उल्लेख आजवर एकानेही केलेला नाही. भाजीवाल्या, भांडीवाल्या, कापडाचे गठ्ठे घेऊन गावोगाव बसणाऱ्या, सगळ्या माझ्या डोळ्यांपुढे येतात. रोज बाजार करणाऱ्या बायका काय एकट्या खानदेशात आहेत?

म्हणून मी एकेकाला स्वतः लिहायला लागले. ज्याने ज्याने पेपराचा आधार घेतला त्याचा पत्ता शोधायचा, चार ओळी लिहायच्या, आमच्या मिरचीवाल्या बाईंबद्दल सांगायचं. बहुतेकांचं उत्तर येत नाही. काही जण कळवतात की नोंद घेतली.

मागच्या महिन्यात एक उत्तर आलं. डोंगराळ भागातल्या ज्यांनी आपल्या हाटाला माझा नियम लावला होता, तेच डॉक्टर. लिहिलं होतं, आमच्या दवाखान्यात आमवाताची एक बाई होती, रोज वेगळ्या हाटात मडकी विकणारी. तोंड आलं, ताप आला, चार दिवसांत गेली. कसला तरी संसर्ग असावा असं आम्ही तेव्हा धरलं. तुमचं पत्र वाचून तिचे कागद पुन्हा काढले. डबीवर चिठ्ठी तुमच्याच वाक्याची होती.

खाली त्यांनी माझे आभार मानले होते.