खंडेनवमीचा पाट

दर खंडेनवमीला मी लॅपटॉप पाटावर ठेवते आणि त्याला हळदकुंकू वाहते. भाषांतरावर पोट चालतं, तेव्हा माझं हत्यार तेच. झाकणाच्या कोपऱ्यात मागच्या सगळ्या पूजांचा पिवळट डाग बसला आहे.

यंदा मात्र पाटासमोर बसले आणि हात थबकला. गेल्या आठवड्यात लॅपटॉपचा मदरबोर्ड जळाला. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, तसाच बोर्ड आता मिळत नाही. याला बसणारा पुढच्या मॉडेलचा टाकलाय, आधीपेक्षा जोरात पळेल." मग वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं हातात दिलं. "हा तुमचा जुना. घेऊन जा, नंतर शंका नको."

शंका तर त्या पुडक्यानेच आणली. इतकी वर्षं माझ्याबरोबर जागला तो बोर्ड पुडक्यात, आणि पाटावर आहे ते ओळखीचं झाकण, आत कुणी परका. तो भलताच चपळ आहे, हेही मला खुपतं. मग मी आजवर पूजा कुणाची केली? झाकणाची?

"अगं, लाव की कुंकू. फूल सुकतंय," नवरा म्हणाला.

"कुणाला लावू?"

शेवटी मीच पुडकं उघडून जुना बोर्ड शेजारी मांडला, दोघांनाही कुंकू लावलं आणि लॅपटॉप सुरू केला. बोर्ड बदललेला ओळखून भाषांतराच्या सॉफ्टवेअरने विचारलं, हा संगणक नवीन आहे का? खाली दोनच चौकटी होत्या, हो आणि नाही.

कुंकवाचं बोट मी अजून वरच धरून बसले आहे.