पंचाहत्तर नव्हे, साडेसात

फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला की लेण्याद्रीच्या पायथ्याचं काकूचं टोमॅटोचं रान आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी दहावीला, गणितात वर्गात पहिली. काकूनं बाटली पुढे केली.

"पंधरा लिटरच्या पंपाला किती घालू गं?"

मी बाटलीवर ओझरती नजर टाकून म्हटलं, "पंचाहत्तर मिली."

"एवढं? लई व्हतंय की!"

"गणित मला येतं, काकू."

तिसऱ्या दिवशी सगळी रोपं करपली. बाटलीवर लिटरला ०.५ मिली लिहिलं होतं. मी पाच वाचलं होतं. काका भडकले, तेव्हा काकू एवढंच म्हणाली, "माझंच माप चुकलं." मी दारातच उभी होते.

आता मी शाळेत दशांश अपूर्णांक शिकवते. काकू गेली. काकांना खरं अजून सांगितलेलं नाही.