विमलताई आणि परतूरचा दुसरा सर्व्हर

विमलताई शेळके यांना मी प्रथम पाहिले ते जालन्यातील आमच्या बियाणे उत्पादक संस्थेच्या प्रयोगशाळेत. नव्वदचे दशक संपत आले होते. संगणकाची पदविका घेऊन मी मुलाखतीला गेलो होतो आणि ताई ओल्या कागदावर उगवलेले सोयाबीनचे कोंब मोजत होत्या. मोजणी पुरी होईपर्यंत त्यांनी मला उभेच ठेवले. मग स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि सांगितले, मध्येच बोलले असते तर पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले असते.

ताई मूळच्या तीर्थपुरीच्या, शेतकरी घरातल्या. साध्या सहायक म्हणून लागल्या आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या बियाणे तपासणीविषयी त्यांच्या या गौरवग्रंथात जाणकारांनी लिहिले आहे. मी मला ठाऊक असलेली एक हकिगत सांगतो.

संस्थेत संगणक आले, तेव्हा सगळ्यांची माहिती साठवणारी मुख्य यंत्रे, म्हणजे सर्व्हर, किती घ्यायचे हे ठरवायचे होते. औरंगाबादच्या विक्रेत्याने चार सुचवले. मीही उत्साहाने चारांचा प्रस्ताव लिहिला: प्रयोगशाळेला एक, गोदामाला एक, कार्यालयाला एक आणि पत्रव्यवहाराला एक. संगणकांची खरेदी संस्थेने ताईंकडे सोपवली होती. त्यांनी तो प्रस्ताव शांतपणे वाचला.

"यातलं कोणतं बंद पडलं तर कुणाचं काम किती दिवस अडतं, ते त्या माणसालाच विचारून या. मंग आकडा ठरवू," त्या म्हणाल्या.

आठवडाभर मी टेबलाटेबलाशी जाऊन विचारले. बहुतेकांचे काम दोन-चार दिवस सहज थांबू शकत होते. बियाण्याचा कोणता लॉट, म्हणजे एकत्र तपासून भरलेला साठा, कोणत्या गावी कुणाकडे गेला, ही एकच नोंद थांबून चालणार नव्हती. पण चारही कामे मिळून एका यंत्रालाही जड नव्हती. ताईंनी एकच सर्व्हर मंजूर केला. तेव्हा मीच आग्रह धरला की आता लॉटची कागदी वही बंद करावी, दुहेरी काम कशाला? त्यांनी थोडा विचार केला आणि होकार दिला.

दुसऱ्याच वर्षी पेरणीच्या तोंडावर, राखून ठेवलेल्या नमुन्यांच्या फेरतपासणीत सोयाबीनचा एक लॉट नापास झाला. निम्मे बीसुद्धा उगवले नव्हते. हा लॉट कुठे कुठे गेला ते काढायला ताईंनी मला सांगितले आणि त्याच सकाळी सर्व्हरची डिस्क गेली होती. नोंदींची नक्कल मी ठेवत होतो, पण त्याच यंत्रात. दुरुस्तीचा माणूस दोन दिवसांनी येणार होता.

ताई रागावल्या नाहीत. परतूर आणि टेंभुर्णीच्या गोदामांना फोन करून त्यांनी पावत्यांच्या तिथेच राहिलेल्या स्थळप्रती काढायला लावल्या आणि मला घेऊन जीपने निघाल्या. दोन दिवस आम्ही गावोगाव फिरलो. पिशव्या परत घेतल्या, बदली बियाणे दिले. टेंभुर्णीजवळच्या एका शिवारात मात्र कोंडिबा नावाचे वयस्क शेतकरी आदल्या दिवशीच पेरून बसले होते.

"बाई, म्या तर पेरून मोकळा झाल्तो," ते म्हणाले.

ताई बांधावर त्यांच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "दादा, बी खराब निघालं. आमाला कळवायला उशीर झाला, ती चूक माझी हाय. दुसरं बी आणलंय. पुन्हा पेरायचा खर्चा संस्था देईल, न्हाई दिला तर मी देईन."

कोंडिबांनी मुलाला तिफण आणायला पाठवले. दुबार पेरणीचा खर्च पुढे संस्थेने दिला.

नंतरच्या सभेत अध्यक्षांनी माझ्या नोकरीचा विषय काढला. ताईंनी इतिवृत्तात लिहून घेतले की एकच सर्व्हर ठेवण्याचा आणि वही बंद करण्याचा निर्णय प्रयोगशाळा प्रमुखांचा होता. मी खाली मान घालून बसलो होतो. माझी नोकरी राहिली ती त्या एका ओळीमुळे.

त्यानंतर दुसरा सर्व्हर घेतला. तो मला पहिल्याच्या शेजारी हवा होता. ताईंनी तो परतूरच्या गोदामात बसवला, कारण एका खोलीत ठेवलेली दोन यंत्रे एकाच आगीत जातात. दर शनिवारी नोंदींची सीडी रेल्वेने परतूरला जाऊ लागली. महिन्यातून एक दिवस जालन्याचा सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून परतूरहून काम चालते का, हेही त्या स्वतः बघत. एकदा ते चालले नाही. तेव्हा त्यांना समाधानच वाटले, की हे पेरणीआधी कळले. पुढे संस्था थोडी वाढली आणि पाहुण्यांना दाखवायला तिसरे यंत्र असावे असे संचालकांच्या मनात आले. ताईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला: कुणाचं काम अडलंय? त्या निवृत्त होईपर्यंत संस्थेत दोनच सर्व्हर राहिले आणि लॉटची एकही नोंद पुन्हा हरवली नाही.

त्यांच्या हाताखाली मी यंत्रांपेक्षा माणसांना विचारायला शिकलो, आणि चूक झाली तर ती स्वतःच्या नावावर लिहायलाही.

आता ताई तीर्थपुरीला भावाच्या घरी राहतात. गुडघे त्रास देतात, तरी पेरणीआधी शेजारीपाजारी मूठभर बी घेऊन त्यांच्या ओट्यावर येतात आणि ताई ते उगवते का बघायला ओल्या फडक्यात घालून देतात. त्यांची नजर अशीच स्वच्छ राहो, पायांना बळ मिळो आणि त्या ओट्यावरची वर्दळ अजून पुष्कळ पेरण्या चालू राहो.