कागदावरचं 'नाही'

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला यवतमाळच्या कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर 'रिमोट' लिहिलं. म्हणाले, "जिथं सहज पोचता येत नाही, बाकीच्यांपासून जे तुटलेलं असतं, ते. उदाहरण द्या."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ह्याचं गाव."

वर्ग हसला. सरही हसले. पुढं तीन वर्षं माझं नाव रिमोटच. "काय रे रिमोट, लाईन आली का तुमच्याकडं?" आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो आणि हसणाऱ्यांतले दोघं नापास झाले, हे मात्र अजूनही सांगतो.

गावी परतलो तेव्हा शाळेत नऊच पोरं उरली होती. आई तिथं खिचडी शिजवायची. कमी पोरांच्या शाळा बंद करून शेजारच्या गावात जोडणार, असं पत्र आलं. गाव दुर्गम असलं तर शाळा वाचणार होती. माहितीचा कागद इंग्रजीत, म्हणून गुरुजींनी तो माझ्याकडं दिला. "तूच भर बापू. तुले समजते."

कागदावर तोच शब्द होता. गाव रिमोट आहे काय? असल्यास कारणं लिहा. एसटी फाट्यावरच थांबते, तिथून चार किलोमीटर पायी, पावसाळ्यात नाल्यावरून पाणी जातं. मला काय ठाऊक नव्हतं? तरी मी ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं. खाली जोडलं, फाट्यापर्यंत डांबरी रस्ता आहे, तालुक्याचं नेर जवळ आहे, गावात पदवीधर आहे. गुरुजींनी न वाचता सही केली.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. पोरं आता नाला ओलांडून जातात. पाणी असलं की घरीच. मोठ्या दोघी पोरी तर आयांसोबत शेतात निंदणाला जायला लागल्या.

खिचडीचा गंज, ते मोठं पातेलं, शेजारच्या गावच्या शाळेत न्यायला ऑटो आला. आईनं तो राखेनं घासून दिला. हात पुसत मला विचारलं, "तू त्या कागदात काय लिहलं होतं रे?"

"आपलं गाव दूर नाही म्हणून."

"काहून?"

मी गंज उचलून ऑटोत ठेवला. आभाळ भरून आलं होतं. ऑटोवाला म्हणाला, "लवकर करा मावशी. नाल्याले पाणी आलं त मले इथंच मुक्काम करा लागन."