फाटलेला कोपरा

परवा भाचीने माझ्या ईमेलला दुसरं कुलूप लावून दिलं. पासवर्ड दिला की फोनवर आकडा येतो. तो टाकल्याशिवाय आत जाता येत नाही. "मावशी, आता तुझी पत्रं कुणी वाचणार नाही," ती म्हणाली.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत माझा मोठा भाऊ औरंगाबादला शिकत होता आणि नामांतराच्या बाजूने उभा होता. भावकीला ते खपलं नाही. सापडला तर पाय मोडू, असं काकांनी चारचौघांत सांगितलं होतं. त्याचा ठावठिकाणा फक्त आईला आणि मला ठाऊक असायचा. पण सोनपेठजवळच्या आमच्या गावात टपाल किराणा दुकानात यायचं, आणि दुकानदार आंतरदेशीय पत्रं ओल्या फडक्याने उकलून वाचायचा.

मग भावाने युक्ती काढली. पत्ता मित्राच्या अक्षरात आणि पत्राचा एक कोपरा फाडलेला, मयतीच्या पत्राचा फाडतात तसा. असं पत्र परका माणूस उघडत नाही. घरच्यांनी ते बाहेरच वाचून तिथेच फाडायचं.

"घिऊन जा बाई लवकर, म्या उघडलं न्हाई," दुकानदार म्हणायचा. मी लिंबाखाली वाचायची, 'खोली बदलली, बरा आहे', आणि डोळे पुसायची.

"कोण गेलं?"

"लांबची मावशी."

चौथ्या पत्राला तो हसला. "लय मावश्या हायत की तुमाला!" बाकड्यावर काका बसले होते. ते हसले नाहीत.

पाचव्या वेळीही ते तिथेच होते. "वाच की इथंच. आमालाबी कळू दे."

"न्हाई वाचवत, काका," म्हणत मी पत्र पुस्तकात घातलं आणि निघाले. संध्याकाळी ते आमच्या ओसरीवर येऊन बसले. "फाडलंस का?"

"फाडलं."

दोन दिवस ते हलले नाहीत. पुस्तक कणगीमागे पडून होतं. आई नजरेनेच विचारायची, मी नजरेनेच थांब म्हणायची.

तिसऱ्या दिवशी काका बाजाराला गेले, तेव्हा मी परसात जाऊन पत्र उघडलं. आतलं अक्षरही मित्राचंच होतं. काविळीने गेला. दहाव्याला, बुधवारी, पैठणला अस्थी सोडू, घरचं कुणीतरी या.

दहावा काल झाला होता.

आई भांडी घासत होती. माझ्या हातातला फाटका कोपरा तिला दिसला, आणि कितीतरी दिवसांनी ती गालात हसली.

"बरा हाय न्हवं?" तिने हळूच विचारलं.